पुढचीला सांगायचं असतं

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, आणि ज्या बाईंनी मला हाताला धरून सुईणीचं काम शिकवलं त्यांना तर नाहीच. आता सांगते आहे ती जीव हलका व्हावा म्हणूनही नाही. जीव जड आहे असं मला वाटतच नाही – तेच तर विचित्र आहे. दात काढायच्या आधी हिरडीत सुई देतात, मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही. तसं काहीसं. तिथे दाबून बघते. दुखत नाही. पण तिथे काहीतरी झालेलं आहे हे मला माहीत आहे.

कुठून सुरुवात करू? बाईंपासून करते, ते सोपं आहे.

चिंचवडला बाईंचं लहानसं प्रसूतिगृह होतं. पन्नास सालानंतरचे दिवस. पिंपरीला कारखान्यांच्या भिंती नुकत्याच उभ्या राहत होत्या, निर्वासितांच्या छावणीतल्या सिंधी बायका बाळंतपणाला आमच्याकडे यायच्या, आणि आकुर्डी म्हणजे तेव्हा नुसतं शेतांमधलं गाव होतं. बाई डॉक्टर होत्या. कामाला माणसं मिळत नाहीत म्हणून त्यांनी आम्हा चार-पाच जणींना शिकवायला घेतलं आणि परीक्षेला बसवलं. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर, त्यामुळे मला वाचायची सवय होती. मी स्वतःला हुशार समजायचे. घरात सगळे तसंच म्हणायचे, मग मी तरी वेगळं कशाला समजू?

यमुना कुरुळीची. माझ्याच वयाची, पण लग्न होऊन, मार खाऊन, माहेरी परत आलेली. तिचा पुढचा एक दात अर्धा होता. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. भावाने दोन वर्षं सांभाळली, पण भावजयीचं तोंड वाकडं व्हायला लागलं. शेवटी भावाने सांगून टाकलं – पास झालीस तर बाईंकडे राहा, कमाव, मी काही म्हणणार नाही. नापास झालीस तर मुकाट्याने नांदायला जायचं. नवऱ्याचा निरोप आलेलाच होता, घरात कामाला माणूस नाही म्हणून. ही बोली आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. मला ठाऊक होती. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे.

दुपारची कामं आटोपली की मागच्या ओट्यावर मी तिला प्रश्न विचारायचे. बाईंनी दिलेल्या पुस्तकात प्रत्येक धड्याखाली प्रश्न होते. पेशीच्या मधोमध काय असतं? पेशीकेंद्र. नाळेत रक्तवाहिन्या किती? तीन – दोन रोहिण्या, एक नीला. आईचं रक्त बाळाच्या रक्तात मिसळतं का? नाही मिसळत, वारेत दोघांचं रक्त शेजारून जातं. हे उत्तर तिला फार आवडायचं. "शेजारी ऱ्हायचं पन मिसळायचं न्हाई," ती म्हणायची आणि हसायची.

हृदयाशी मात्र तिचं जमायचं नाही. अशुद्ध रक्त उजव्या कप्प्यात येतं, आणि चित्रात तो कप्पा आपल्या डाव्या हाताला. ती दर वेळी गडबडायची. मग एकदा मी तिला माझ्यासमोर उभं केलं आणि म्हटलं, चित्रातला माणूस असा तुझ्याकडे तोंड करून उभा आहे, त्याचा उजवा हात तुझ्या कुठल्या बाजूला आला? तिला पटकन समजलं. तिने आनंदाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की काळंनिळं झालं. शिकवल्याचं सुख म्हणतात ते मला त्या दिवशी मिळालं. म्हणजे बघा, मला ती आवडत होती. तिच्याविषयी माझ्या मनात काही वाकडं होतं असं म्हणून मी सुटू शकत नाही.

एक प्रश्न आम्ही सोडला होता. पुरुषाच्या आणि स्त्रीच्या कटिरात काय फरक असतो? कटिर म्हणजे कमरेच्या हाडांचा तो वाडग्यासारखा सांगाडा, ज्याच्यातून बाळ बाहेर येतं. बाईंच्या कपाटात एक होतं, स्त्रीचं. त्याच्यातून कापडी बाहुली फिरवत फिरवत खाली आणायची – डोकं कसं वाकतं, कसं वळतं – हे आम्ही इतक्या वेळा केलं होतं की बाहुलीचं नाक झिजून गेलं. पण पुरुषाचं? यमुना म्हणाली, "बाप्या मानूस बाळंत व्हायला येनार हाय का?" आम्ही पोट धरधरून हसलो आणि पान उलटलं.

आता परीक्षेचा दिवस. मी रेंगाळते आहे हे मला कळतंय.

लेखी आधीच झाली होती. तोंडी परीक्षेला पुण्याहून एक परीक्षक आले, सोबत त्यांची स्वतःची हाडांची पेटी. बाईंच्या खोलीत एकेकीला बोलवायचे. बाकीच्या व्हरांड्यात बाकावर. आणि अशा परीक्षेत एक रीत असते, ती आम्हाला कुणी शिकवली नव्हती तरी आम्ही सगळ्या पाळत होतो. बाहेर येणारीने पुढचीला सांगायचं. काय विचारलं, कुठे अडकवतात, दोन वाक्यांत, चालता चालता. उभं राहून बोलायची परवानगी नव्हती, शिपाई थेट फाटकाबाहेर काढायचा. म्हणून पहिलीने दुसरीला, दुसरीने तिसरीला. सांगण्यासाठी दुसरं कुणी नसायचं.

माझ्या आधी शेवंता होती. ती बाहेर आली आणि पदर सावरायच्या निमित्ताने माझ्या कानाशी वाकली. "टेबलावरचं हाड पुरुषाचं आहे गं. खालची कमान अरुंद. बाहुली घालूच नकोस, सरळ सांगून टाक." आणि गेली.

मी आत गेले. परीक्षकांनी बाहुली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, बाळ कसं येतं ते दाखवा. मी बाहुली खाली ठेवली. म्हटलं, सर, हे पुरुषाचं कटिर आहे. ते इतके खूष झाले की पुढचे दोन प्रश्न त्यांनी सोपेच विचारले. माझं यश एवढंच. शेवंताच्या तोंडून उधार आणलेलं.

बाहेर आले तर बाकावर एकटी यमुना. शेवटची. तिने माझी साडी नेसली होती.

साडीचं सांगायला हवं. पांढरी, निळ्या काठाची, परीक्षेसाठी वडिलांनी मला आणलेली. माझ्याकडे तशीच आणखी एक जुनी होती. यमुनाकडे धड एकही नव्हती, म्हणून सकाळी मीच तिला म्हटलं, नवी तू नेस, मी जुनी नेसते. उदारपणाची हौस होती मला. आणि ती साडी तिला अशी काही शोभली! बाई व्हरांड्यात आल्या, आमच्या दोघींकडे बघितलं, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ही बघा, नर्स शोभते खरी." माझ्याकडे बघून काही म्हणाल्या नाहीत. म्हणायचं कारणही नव्हतं.

बस्स. इतकंच झालं होतं. जागेचा प्रश्न नव्हता, बाई आम्हा दोघींनाही ठेवून घेणार होत्या. मला तिच्याकडून काही मिळवायचं नव्हतं. मी खूप शोधलं आहे, यापेक्षा मोठं कारण सापडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ती उठून उभी राहिली. "काय इचारलं गं?"

आणि मी म्हणाले – "नेहमीचंच. रक्ताभिसरण विचारलं."

शिपाई म्हणाला, चला बाई, चला. मी चालू लागले. फाटकापर्यंत वीस-तीस पावलं असतील. वळून एक शब्द टाकता आला असता. तोंडाला कुलूप कुणी लावलं होतं? मागून तिची हलकी पुटपुट ऐकू येत होती. चित्रातल्या माणसाचा उजवा हात माझ्या डावीकडं. ती रक्ताभिसरण घोकत होती.

आत काय झालं ते नंतर बाईंनी सांगितलं. तिने बाहुली घेतली आणि त्या हाडात घातली. डोकं अडकलं. तिला वाटलं आपलंच चुकतंय. तिने पुन्हा वळवून घातली, पुन्हा अडकलं, आणि मग घाबरून तिने जोर लावला. परीक्षक म्हणाले, "असा जोर लावलात तर आई मरेल." तिथेच तिची परीक्षा संपली. बाई रडकुंडीला आल्या होत्या. "तिच्या हाताला कधी घाई नव्हती गं," मला म्हणत होत्या, "मग आजच काय झालं?" मी म्हटलं, घाबरली असेल.

सहा महिन्यांनी पुन्हा बसता आलं असतं. बाईंनी भावाची खूप मनधरणी केली. पण बोली ती बोली. जायच्या आदल्या दिवशी यमुनाने साडी परत केली, धुऊन, घडी घालून. आणि – हे मला नीट सांगता यायला हवं – तिने माझी क्षमा मागितली. "तू येवढं शिकवलंस, आन मी मातीत घातलं," म्हणाली. मी काय म्हणाले? "जाऊ दे," म्हणाले. मी तिला माफ केलं, समजा.

मी बाईंकडे राहिले. बाळंतपणं केली, पुष्कळ केली. माझा हात चांगला आहे असं लोक म्हणतात. ती साडी मी फाटेपर्यंत नेसले, त्याचं काही वाटलं नाही. मी सुरुवातीलाच म्हटलं ना, दुखत नाही.

दोनेक वर्षांनी, एका दुपारी, फाटकाशी बैलगाडी थांबली आणि यमुना उतरली. दिवस भरलेले, कळा सुरू. सासू नको म्हणत असताना ती हट्टाने आमच्याकडे आली होती. मला बघून तोंडभर हसली. आता अर्ध्या दाताच्या शेजारचा दातही नव्हता. तिचं अंग पुसायचं काम माझं. पाठीवर वळ होते. काही जुने, पांढरे पडलेले. काही तसे नव्हते. मी कोमट पाण्याने पुसत गेले, वरून खाली, सगळ्यांचं पुसते तसं.

सासू दाराशी बसली होती. यमुनाने तिला अभिमानाने सांगितलं, "हिनं मला शिकवलं. सख्ख्या भनीवानी."

बाई दुसऱ्या खोलीत अडकल्या होत्या. कळा लांब लांब येत होत्या आणि मध्ये तिला भीती वाटत होती. ती म्हणाली, "कुसुम, इचार की काय तरी. पयल्यासारखं इचार." मी विचारलं. नाळेत वाहिन्या किती? तीन. रक्त मिसळतं का? न्हाई, शेजारून जातं. अशुद्ध रक्त कुठल्या कप्प्यात? तिने डोळे मिटले, हवेत हात धरून बघितला आणि म्हणाली, उजव्या. एकही चुकलं नाही. कुठल्या शेतात, कुठल्या चुलीपुढे ती हे म्हणत बसली असेल, मी विचारलं नाही.

मग तिनेच विचारलं. "आता मी इचारते. त्या दिवशीचं हाड बाप्याचं व्हतं, बाईंनी सांगितलं मला. पन ते वळखायचं कसं गं? अजून डोस्क्यात घोळतंय."

मी बोटांनी कमान करून दाखवली. म्हटलं, खालची ही कमान बघायची. बाईची रुंद असते, पुरुषाची अरुंद.

ती माझ्या बोटांकडे बघत राहिली.

"येवढंच व्हय?" ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हणाले. पुढची कळ आली तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला, आणि मी तिला सांगत राहिले, जोर लावू नकोस, अजून नाही.