साडेतीनची परात

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि मोहनबाई खिंवसरा स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकऱ्या कुस्करत आहेत. ज्वारीच्या सहा. बाजरी उष्ण पडते म्हणून बंद केली. परातीत मुगाची शिजवलेली डाळ आहे, वाडगाभर दही आहे, मीठ नाही. सकाळी साडेसातलाही अशीच परात झाली होती. घरात खाणारं माणूस एकच, त्या स्वतः. त्यांच्या दोन पोळ्या डब्यात झाकून ठेवलेल्या आहेत.

दाराच्या उंबऱ्याबाहेर बादल बसला आहे. ग्रेट डेन जातीचा, राखाडी रंगाचा, वय साडेचार वर्षं. उभा राहिला की त्याची पाठ ओट्याच्या उंचीला येते. त्याला स्वयंपाकघरात यायची परवानगी नाही. तो येतही नाही, फक्त पुढचे पंजे उंबऱ्यावर ठेवतो. वजन अठ्ठावन्न किलो. हा आकडा अंदाजाचा नाही. दुकानात धान्याचा काटा अजून आहे आणि दर महिन्याच्या एक तारखेला मोहनबाई बादलला त्यावर उभा करतात.

दुकान त्यांचे पती मदनलाल यांचं होतं. पुणे–नाशिक रस्त्यावर कळंबमध्ये एकतीस वर्षं किराणा आणि भुसार. मदनलाल १९९९ साली गेले. एकुलता मुलगा अभय पुण्याला औषधांच्या व्यवसायात होता, त्यानं दुकान चालवायला नकार दिला आणि पुढच्या वर्षी शटर खाली आलं. दुकान उघडं होतं तेव्हा दिवसाला शंभरेक माणसं मोहनबाईंना नावानं ओळखायची. शटर पडल्यावर त्यातलं कोणी रस्ता ओलांडून मागच्या दाराला आलं नाही. त्यांचं काही वैर नव्हतं. कामच नव्हतं.

बादल आला तो २००२ च्या दिवाळीत, अभयच्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवा होऊन. नातू संयम याच्या हट्टामुळे पिल्लू घेतलं होतं. दीड वर्षात त्याचं वासरू झालं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये तो चढला की दुसरं माणूस चढत नसे. तक्रारी झाल्या, नोटीस आली. अभय म्हणाला, "बाई, दोन महिने ठेव. दुसरी जागा बघतो." त्यांच्या घरात आईला बाई म्हणतात. ते दोन महिने या दिवाळीला तीन वर्षांचे होतील.

एवढं मोठं जनावर घरात ठेवायचं म्हणजे घर बदलावं लागतं, हे मोहनबाईंना आठवड्यात कळलं. शेपटीच्या उंचीवरच्या सगळ्या बरण्या वरच्या फळीवर गेल्या. शहाबादी फरशीवर बसून बसून बादलच्या कोपरांना घट्टे पडले, तेव्हा मदनलाल दुकानात ज्या गादीवर बसत ती गादी काढून ओसरीत टाकली. परात जमिनीवर ठेवली तर त्याला पुढचे पाय फाकवून वाकावं लागे, म्हणून ती तेलाच्या पालथ्या डब्यावर आली. ओसरीला लोखंडी जाळी बसवली, कारण घरामागं चाळीस पावलांवर शेजारच्या गेणभाऊंचा ऊस सुरू होतो आणि उसात बिबट्या असतो. गेणभाऊंची दोन कुत्री एका वर्षात गेली. त्यांनीच मंचरच्या चांभाराकडून बादलसाठी खिळ्यांचा पट्टा करून आणला.

"वाघ मानेलाच धरतो, भाभी," ते म्हणाले. "ह्यो पट्टा घातला की त्याचंच तोंड फाटंल. पर दिस मावळायच्या आत घरात घ्यायचा. पट्टा हाय म्हून मोकळा सोडायचा न्हाई."

मोहनबाईंनी ते पाळलं. पाळण्यात त्या पक्क्या आहेत. सूर्यास्तानंतर त्यांच्या घरात अन्नाला हात लागत नाही. चूल पेटत नाही, पाणीसुद्धा उकळून गाळलेलं. कुत्र्यानं वेगळं वागावं असं त्यांना कधी वाटलं नाही. ज्या घरात तो राहतो त्या घराची रीत त्याला लागू, असा सरळ हिशेब. अंडं नाही, मांस नाही आणि दिवस मावळल्यावर घास नाही.

बाकीचा दिवस एका गोष्टीभोवती बांधलेला होता. दीडच्या एसटीनं मंचरला जायचं. तिथल्या जैन स्थानकात दुपारी दोन ते चार बायका जमतात. चातुर्मासात रोज, एरवी सोमवारी आणि गुरुवारी. साध्वीजी पाठ देतात, बायका म्हणतात, मग जरा वेळ सुनांची, गुडघ्यांची, लग्नांची बोलणी होतात. मोहनबाईंची जागा भिंतीलगत होती, खिडकीखाली. तिथं त्यांना कोणी कुत्र्याचं विचारत नसे. साडेचारची गाडी धरून त्या पाचला घरी येत. आल्या आल्या दिवसभराचं सगळं अन्न एका परातीत, बारा भाकऱ्या एकदम. बादल ते चार मिनिटांत संपवी. लगेच पट्टा घालून ओढ्यापर्यंत फेरी, कारण अंधार पडायच्या आत परतायचं. परतल्यावर स्वतःचं जेवण.

ही व्यवस्था पावणेतीन वर्षं बिनबोभाट चालली. ती चूक होती हे ६ सप्टेंबर २००५ च्या संध्याकाळी कळलं.

पर्युषणाचा सहावा दिवस होता. मोहनबाईंना उपवास होता. मंचरहून यायला उशीर झाला, म्हणून परात घाईनं ठेवली आणि फेरी घाईनं काढली. ओढ्यावर बादल दुसऱ्या एका कुत्र्यामागं धावला. घरी आल्यावर तो गादीवर बसेना. उभाच राहिला, मान खाली. ओकाऱ्या काढी, पण बाहेर फक्त फेस येई. पावणेसात वाजता मोहनबाईंनी त्याच्या कुशीवर हात ठेवला. पोट ढोलकीसारखं ताणलेलं होतं.

गेणभाऊ त्यांची पिकअप आणि दोन गडी घेऊन आले. अठ्ठावन्न किलो उचलायचे कसे हा प्रश्न होता. धान्याचं मोठं पोतं उसवून अंथरलं, त्यावर बादलला लोटलं आणि चार कोपरे चौघांनी धरले. मोहनबाई मागं हौद्यातच बसल्या.

"भाभी, पुढं बसा की. लोक काय म्हणतील, शेठाणी हौद्यात."

"म्हणू दे."

थोड्या वेळानं गेणभाऊ खिडकीतून मागं पाहत म्हणाले, "तुमी उपाशी अन् ह्यो खाऊन मरतोय. काय म्हणावं आता."



मंचरला जनावरांचे डॉक्टर सुदर्शन हिंगे घरीच होते. त्यांचा हात गाई-म्हशींवर बसलेला. एवढं कुत्रं त्यांनी शिकताना पाहिलं होतं, त्यानंतर नाही. त्यांनी वजन विचारलं आणि मोहनबाईंनी ताबडतोब सांगितलं. डॉक्टरांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, मग इंजेक्शन भरलं. तोंडात पट्टीची गुंडाळी अडकवून वासरांची रबरी नळी घशातून खाली सोडली. नळी गेली. आंबूस वास सगळ्या अंगणात पसरला आणि पोट हळूहळू खाली बसलं.

"पोटाला पीळ पडला असता तर नळी गेली नसती," हात धूत डॉक्टर म्हणाले. "मग पुण्याला ऑपरेशन. तिथवर पोचला नसता. खाऊन किती वेळानं फिरवलंत?"

"लगेच."

"आणि दिवसाचं सगळं एकदम?"

"सूर्य मावळायच्या आत आमचं जेवण आटपतं."

"तुमचं, मान्य. त्याचं का?"

गेणभाऊ मध्ये पडले. "अन् फेरीची घाई बिबट्याची व्हती, साहेब. ती मी सांगितलेली."

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. जेवण दोनदा, निम्मं निम्मं, मध्ये किमान सात-आठ तास. खाण्याआधी तासभर आणि खाल्ल्यावर तासभर फिरवणं नाही. खाल्ल्यावर दोन तास कोणीतरी जवळ पाहिजे, कारण एकदा फुगलं ते परत फुगू शकतं आणि तासाभरात निकाल लागतो. जमत असेल तर संध्याकाळी आठला द्या, म्हणाले. त्या वेळी माणूस घरीच असतं.

आठला देणं शक्य नव्हतं. पाचला परतून आधी घातलं तर फेरीला अंधार, आधी फेरी काढली तर घालायला सूर्यास्त. मोहनबाईंनी दुसऱ्या वाटा करून पाहिल्या. अकराला दुसरं जेवण देऊन दीडची गाडी धरायचं ठरवलं. तीन दिवस तसं केलं. तिन्ही दिवशी पहाटे बादल रिकाम्या पोटी पिवळं पाणी ओकला. गेणभाऊंनी स्वतःहून सांगितलं, "माझ्याकडं सोडा. रातच्याला आमी जेवतो तवा त्याला बी घालू."

"तुमच्या घरी काय शिजतं ते मला ठाऊक आहे, गेणभाऊ."

"त्याला बी ठाऊक हाय, भाभी. आयतवारी कुंपणाशी येऊन बसतो. इचारा त्याला."

हे मोहनबाईंना माहीत होतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं, इतकंच. पण गेणभाऊंच्या घराला जाळी नाही आणि ऊस दाराशी आहे. तिथं अंधारात बादलला ठेवणं म्हणजे तिसरं कुत्रं बिबट्याला देणं. ते गेणभाऊंनाही पटलं.

सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत त्या एक दिवस स्थानकात जात, एक दिवस बादलजवळ राहत. ज्या दिवशी गेल्या त्या दिवशी परात अकराला झाली आणि पाठात लक्ष लागलं नाही. खिडकीतून एसटी स्टँडचा भोंगा ऐकत बसल्या.

अभयला हे सगळं रविवारच्या फोनवर कळत होतं. त्यानं तोड काढली. ९ ऑक्टोबरला तो शिरूरकडच्या एका पोल्ट्रीवाल्याला घेऊन कळंबला आला. पोल्ट्रीवाल्याला राखणीला मोठं कुत्रं हवं होतं. माणूस बरा वाटला. पायताण बाहेर काढून ओसरीत आला, बादलच्या तोंडासमोर हात धरून त्याला वास घेऊ दिला.

"बांधून नाय ठेवणार, मावशी," तो म्हणाला. "तीन एकराला कंपाउंड हाय. दोन गडी रात्रंदिवस. जनावर मोकळं राहील."

"खायला काय?"

अभयनं मान फिरवली. हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं.

पोल्ट्रीवाल्यानं हात मागं घेतला. "खोटं नाय सांगत. मेलेल्या कोंबड्या रोज निघतात. उकडून घालतो."

"किती वेळा?"

"काय?"

"दिवसातून किती वेळा घालता?"

"एकदाच. सांच्याला. घमेलंभर. मग सोडतो राखणीला."

"घातल्यावर लगेच?"

"लगेच. तेच तर काम हाय त्याचं."

मोहनबाईंनी डॉक्टरांचा कागद आणून त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोनदा वाचला. दोन वेळा घालणं, तासभर थांबवणं, दोन तास नजर ठेवणं, असं दोन गड्यांकडून करून घेणं जमणार नाही, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. चहा घेतला आणि गाडीत जाऊन बसला.

अभयला वाटलं आईनं कोंबड्यांमुळे नकार दिला. गावातही तसंच बोललं गेलं. शेठाणीनं कुत्र्याचा धर्म राखला म्हणे. मोहनबाईंनी कोणाला दुरुस्त केलं नाही. अभयला मात्र सांगितलं.

"त्यानं दोनदा घालीन म्हटलं असतं तर मी दिला असता."

अभय जाळीपाशी जाऊन वळला. "मग आता? तू स्थानक सोडणार? कुत्र्यासाठी?"

"साडेसात आणि साडेतीन. दुसरी वेळ बसत नाही. मी मांडून पाहिलं."

"दिवाळीनंतर पुण्याला ये म्हणत होतो. तुझ्या सुनेनं खोली लावून ठेवली आहे."

"सोसायटी याला घेईल?"

अभय बादलला थोपटू लागला.

"डॉक्टर म्हणाले ही जात आठ वर्षांपर्यंत जगते. तो साडेचारचा आहे. मग येईन."

त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत. 'मग येईन' हे त्यांनी डाळ निवडताना म्हटलं आणि डाळ निवडत राहिल्या. अभय चार वाजता निघाला. बादलला थोपटताना त्यानं हात पुसायला रुमाल काढला होता, तो ओसरीच्या कठड्यावर राहिला. मोहनबाईंनी तो धुऊन, घडी करून ठेवला आहे.

स्थानकातल्या भिंतीलगतच्या जागेवर आता दुसऱ्या बाई बसतात. हे मोहनबाईंना फोनवर कळलं. त्यांचा पाठ अर्ध्यावर थांबला आहे. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपेल आणि साध्वीजी पुढच्या गावी विहार करतील. पुढच्या वर्षी कोण येतील ते ठरलेलं नाही. मोहनबाई दुपारी दोनला घरीच, जाळीकडे तोंड करून, येतो तेवढा भाग म्हणतात. अडल्यावर थांबतात. पुढचं सांगणारं कोणी नसतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

आज दसऱ्याचा दुसरा दिवस, गुरुवार, १३ ऑक्टोबर. काल सोनं द्यायला गेणभाऊंच्या घरचे येऊन गेले. त्यानंतर दाराची कडी वाजलेली नाही.

साडेतीनला मोहनबाई परात तेलाच्या डब्यावर ठेवतात. तळाशी एक गोल दगड ठेवलेला असतो, त्यानं खाणं सावकाश होतं. ही युक्ती त्यांची स्वतःची. बादल दगडाभोवती जीभ फिरवत नऊ मिनिटं खातो. मग तो गादीवर आणि त्या शेजारी पाटावर. दर पंधरा मिनिटांनी त्या त्याच्या कुशीवर बोटांनी टिचकी मारून आवाज ऐकतात. पोकळ आवाज आला तर गेणभाऊंना हाक मारायची. आज दर वेळी भरीव आला. साडेपाचला खिळ्यांचा पट्टा, ओढ्यापर्यंत फेरी, सहाच्या आत जाळी बंद. मग त्यांच्या दोन पोळ्या.

जेवण झाल्यावर त्या भिंतीवरच्या पंचांगाचं पान बघतात. उद्या शुक्रवार. सूर्यास्त सहा वाजून बारा मिनिटांनी आहे. मंचरची एसटी दीडला सुटते. दुसरी परात साडेतीनला.