वर येताना अडलेला कान

सोपानमामांचं नाव आधी घेतो. ते नसते तर मी आज हे सांगायला नसतो. मामा मांडवगण फराट्याचे, नात्यानं माझे कुणी नव्हेत. मी परभणीकडचा, नववीत शाळा सुटलेला. रांजणगावच्या कंपनीत ब्रेक मिळाला, म्हणजे कंत्राट संपवून घरी पाठवलं, आणि मी उघड्यावर पडलो. मामांनी जेवू घातलं, झोपायला पडवी दिली आणि धंदा शिकवला. विहिरीत पडलेल्या मोटरी बुडी मारून काढायच्या. शिरूरपासून दौंडपर्यंत आम्हाला बोलावणी यायची.

या कामात दमाच्या आधी कान सांभाळावा लागतो. खाली जावं तसं पाणी कानाचा पडदा आत दाबतं. म्हणून नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि नाकात हळूच फुंकायचं. कानात टक् होतं, दाब सारखा होतो. हे दुखायच्या आधी करायचं, थोड्या थोड्या अंतरावर. टक् झालं नाही तर जोर न लावता वर यायचं. सर्दीत उतरायचंच नाही, कारण नाकातून कानाकडे जाणारी नळी सुजलेली असते.

त्या दिवशी कवठे येमाईला एका अण्णांची मोटर तळाला गेली होती. वाटेत मामांनी विचारलं, "नाक कसं हाय?"

"मोकळं हाय, मामा."

मोकळं होतंही. सर्दी होती, पण सकाळी मेडिकलमधून थेंब आणून नाकात घातले होते. थेंबांचं सांगायला हवं हे सुचलं नाही. काम जाईल ही धास्तीही होतीच.

विहिरीत पाच परस पाणी, म्हणजे पाच माणसं एकावर एक. माझ्या कमरेला दोर, दुसरं टोक मामांच्या हातात. एक हिसका म्हणजे थांबा, दोन म्हणजे ओढा. दुपारपर्यंत बऱ्याच बुड्या झाल्या. शेवटच्या बुडीत मोटरीला हूक लागला. दोन हिसके देऊन मी वर निघालो, आणि अर्ध्यात उजव्या कानातून कळ मस्तकात गेली.

वर येताना कानातली हवा फुगते आणि आपोआप सुटते. माझ्या थेंबांचा असर उतरला होता. नळी मिटली, हवा आत कोंडली. हे नंतर कळलं. तेव्हा मी सवयीनं नाक धरून फुंकलं, म्हणजे कोंडलेल्यात आणखी भर घातली.

मी एक हिसका दिला. दोर थांबला. मग ढिला पडला.

वर काय चाललं होतं ते अण्णांनी पुढं सांगितलं. ते ओरडत होते, "अवो मामा, ओढा की! मरंल पोरगं!"

"कान अडलाय त्याचा. हातभर खाली गेला की सुटंल. मंग हळू घेतो."

"हितनं कान दिसतोय व्हय तुमाला?"

"माझा अडला हुता तवा कुणी ढील दिली न्हाई," मामा म्हणाले.

मला मात्र वाटलं, दोर मामांच्या हातातून सुटला. दमही संपत आला होता. मी कमरेची गाठ सोडली आणि पाय मारत सरळ वर सुटलो. कानात फट् झालं. गार पाणी आत शिरलं आणि विहीर गरगर फिरायला लागली. वर कुठं, तळ कुठं, कळेना.

साठीतल्या मामांनी कपड्यानिशी उडी टाकली. केसाला धरून मला वर काढलं. पायरीवर मी ओकत होतो.

"गाठ का सोडलीस रं?"

"मला वाटलं, तुम्ही दोर सोडला."

मामा पाठीवरून हात फिरवत राहिले.

शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटला, बुडी कायमची बंद. पुढं पडदा भरला, पण त्या कानानं कमीच ऐकू येतं. मामांनीही धंदा सोडला. कुणी बोलवायला आलं की म्हणतात, "आता कुणाला खाली सोडायचं धाडस व्हत न्हाई."

थेंबांनी उघडलेलं नाक मोकळं धरू नये. वर येताना कान अडला तर फुंकू नये. जरा खाली जावं, आवंढा गिळावा, सावकाश यावं. आणि वरच्या माणसावर भरवसा नसेल तर उतरूच नये. माझा होता, असं मी समजत होतो.

आता मी दौंडला मोटर रिवायंडिंगच्या दुकानात शिकतोय. कधीतरी माझं दुकान होईल. तेव्हा मामांना बसून करायचं काम त्यात ठेवणार आहे. ते नको म्हणतील. तरी त्यांची खुर्ची मांडलेली असेल.