तिसरी ओळ

सोमवारी माझी पत्नी गेली. भाकऱ्या थापताना ती अहिराणी गाणी म्हणायची. ती गाणी कुणीच रेकॉर्ड केली नव्हती, म्हणून चाली विसरण्याआधी मीच गाऊन ठेवायचं ठरवलं. जन्मभर कधी गुणगुणलोही नव्हतो, तरी माइक घेतला, तो कॉम्प्युटरला जोडायचा इंटरफेस घेतला आणि आवाज भारदस्त व्हावा म्हणून वेगळा प्रीअँपही घेतला. माहितीपुस्तक दोनदा वाचून सगळं जोडलं. ऐकलं, तर पलसाण्याच्या रस्त्यावर ट्रक बंद पडावा तसा आवाज.

शेवटी शहरातल्याच कतारगाम भागातला साउंडवाला बोलावला. लग्नांत स्पीकर लावणारा, बोलण्यावरून माझ्या पत्नीसारखाच खानदेशी. मान तिरकी करून त्याने हेडफोन एकाच कानाला लावला आणि हसला.

"काका, प्रीअँपची वायर इंटरफेसच्या माइकवाल्या भोकात खुपसली तुम्ही. आवाज तो एकदा मोठा करतो, वर परत हा इंटरफेस. आधीच मोठा झालेल्या आवाजासाठी मागे लाइनचं भोक आहे ना!"

"हो, पुस्तकात होतं," मी म्हणालो.

"मग वाचलं काय?"

त्याने वायर बदलली, रेकॉर्डिंग चालू केलं आणि मला गायला लावलं. मी गात असताना त्याने डोळे मिटले. मला वाटलं, दाद देतोय.

"तिसरी ओळ चुकनी, काका. मन्ही माय आशी म्हणस," म्हणत त्याने माइक ओढला आणि ती ओळ गायली.

माझी पत्नीही त्याच्या आईसारखीच म्हणायची. तीस वर्षं मी ती ओळ पेपर वाचता वाचता ऐकली होती.

तिच्या आवाजातलं माझ्याकडे काही नाही. एक गाणं आहे, माझ्या बेसूर गळ्यातलं, आणि त्यातली तिसरी ओळ त्याची आहे.