चेसिस धाकट्या भावापाशी

"यादवराव, सांगाड्यावरचा नंबर आरसी बुकाशी जुळत नाही."

"कसा जुळन मॅडम? तो नंबर लहान्या भावापाशी हाय."

मी हातातला टॉर्च बंद केला. भंडाऱ्याच्या आरटीओत मी तेव्हा इन्स्पेक्टर होते. जुन्या गाड्यांचं रजिस्ट्रेशन रिन्यू करण्याआधी तपासणी माझ्याकडे असायची. समोर उभी होती एक सिलिंडरची जुनी इंग्लिश मोटरसायकल. दिघोरीचे शेतकरी यादवराव स्वतः चालवत आले होते.

गाडी त्यांच्या वडिलांची, आरसीवर अजून त्यांचंच नाव. ते चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत फोरमन होते. विलायतेला परत जाणाऱ्या साहेबाकडून त्यांनी ती घेतली आणि मरेपर्यंत वापरली. नंतर वाटणीत दोन्ही भाऊ गाडी सोडेनात. शेवटी पंचांनी इंजिन थोरल्याला दिलं, चाकांसकट सांगाडा धाकट्याला. यादवरावांनी नागपूरच्या कबाड्याकडून तसलाच दुसरा सांगाडा आणून त्यात इंजिन बसवलं होतं.

कायद्यापुढे गाडीची ओळख म्हणजे चेसिस, म्हणजे सांगाडा. इंजिन परवानगी घेऊन बदलता येतं. सांगाडा अनोळखी निघाला तर चोरीचा संशय येतो.

आमच्या आरटीओ साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "गाडी डिटेन करा. पोलिसांना कळवा."

"सर, संध्याकाळपर्यंत थांबू? खरा सांगाडा जवाहरनगरला, यांच्या भावाकडे आहे."

"संध्याकाळपर्यंतच."

यादवराव बसायला तयार नव्हते. गाडीभोवती फेऱ्या मारत होते, मधेच सीटवर हात ठेवत होते. मी दुसऱ्या गाड्या तपासायला घेतल्या, पण लक्ष लागेना. एका ट्रॅक्टरचा नंबर दोनदा चुकीचा लिहिला.

"भावाला फोन करा ना," मी म्हणाले.

"मी नाई करत. वाटणीपासून बोलत नाई आमी."

भावाचा फोन नंबर मात्र त्यांना तोंडपाठ होता. मीच लावला. धाकटे रामदास जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला होते. मी सगळं सांगितलं. पलीकडून एकच प्रश्न आला, "पोलीस घेऊन जाईन काय त्याले?"

"सांगता येत नाही."

"येऊन राहिलो."

दुपार सरली. गेटपाशी टेम्पो वाजला की यादवराव थांबून बघत आणि पुन्हा पाठ फिरवत. शेवटी एक टेम्पो आत आला. मागे ताडपत्रीखाली सांगाडा होता आणि पुढे, रामदासांशेजारी, त्यांची म्हातारी आई. ती धाकट्याकडेच राहायची.

सांगाड्याच्या हेडजवळचा, म्हणजे हँडलखालचा, गंज मी घासला. आकडे वर आले. आरसीशी तंतोतंत जुळले.

जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत पुढचं सुरू झालं. दोन्ही भाग जोडून एक गाडी करायची हे ठरलं, पण नावावर कोणाच्या?

"सांगाडा माहा," रामदास म्हणाले.

"अन् इंजिनाशिवाय चालवतो काय त्याले? ढकलत नेशीन?" यादवराव ओरडले.

आवारातली माणसं जमली. साहेब बाहेर आले. "मूळ मालकाचे वारस किती?"

"दोघं," दोघेही एकदम म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

"काहून रे, मी मेली काय?" टेम्पोतून आवाज आला. "गाडी माह्या मालकाची. त्याईच्या मांग मी बसली बजाराले, दवाखान्याले. तुमी दोघं पोटात असतानी बी बसली. गाडी तोडाची वेळ आली तवा मले कोनी इचारलं?"

यादवराव खाली मान घालून टेम्पोजवळ गेले आणि आईला हात धरून उतरवून घेतलं.

गाडी आईच्या नावावर करायला दोन्ही भावांनी ना-हरकत लिहून दिली. भावाच्या नावावर जात नाही, एवढ्यावर दोघांचंही समाधान होतं. कबाड्याचा सांगाडा पोलिसांकडे जमा झाला. चौकशीत काही निघालं नाही. पुढे जोडलेली गाडी दोघं मिळून तपासणीला घेऊन आले. एकमेकांशी अजून मोजकंच बोलत होते, तेही कार्बोरेटरबद्दल. मी ती पास केली.

त्यानंतर मयताच्या नावावरची गाडी आली की मी चेसिस नंतर बघायचे. आधी विचारायचे, घरात अजून कोण कोण आहे?