ऑस्ट्रियन तोफेचा तळ

तोफेचं तोंड तापवून झालं होतं आणि गॅसचा बर्नर घेऊन मी मागच्या टोकाकडे सरकत होते. लोखंड पुन्हा गंजू नये म्हणून आम्ही ते तापवून त्यावर मेण चोळतो. २००५ साली मी ओहायोतल्या एका छोट्या म्युझियममध्ये कॉन्झर्व्हेटर होते, म्हणजे जुन्या वस्तूंची डॉक्टर. ही तोफ नेपोलियनच्या काळातल्या ऑस्ट्रियन जहाजावरची. ऑस्ट्रियाला आरमार होतं हेच मला तोवर ठाऊक नव्हतं. व्हेनिस हाती आल्यावर त्यांना तिथली जहाजं मिळाली, हे मी तोफ आल्यावर वाचलं.

देशपांडे काका तोफेच्या तोंडाशी स्टुलावर बसले होते. ओहायोतल्याच डब्लिन गावात मुलाकडे राहणारे निवृत्त इंजिनिअर, आमचे व्हॉलंटिअर. तोंडाला लाकडी बूच करायचं म्हणून ते आत काठी घालून माप घेत होते. काठी बाहेर काढून त्यांनी ती नळीवर आडवी धरली.

"अगं, बत्ती द्यायचं भोक तिकडे मागे आहे, आणि काठी दीड वीत आधीच अडते. मधे काय आहे?"

मी बर्नर बंद केला. आठवड्यापूर्वी मी फ्लॅशलाइट टाकून आत पाहिलं होतं. गंजलेला तळ दिसला होता. मी ज्याला तळ समजले तो गोळा होता. त्याच्यामागे दारू.

"काका, बाजूने उठा. हळू. तोंडासमोर येऊ नका."

काका बाजूने उठले. तोफेचं तोंड ज्या भिंतीकडे होतं, तिच्यापलीकडे तिकीट काउंटर होता. आम्ही सगळ्यांना बाहेर काढलं आणि पार्किंग लॉटमधून पोलिसांना फोन केला.

बॉम्ब स्क्वाडने भोकातून पाणी सोडून दारू भिजवली, मग गोळा ओढून काढला. कडेच्या दारूचा चिखल झाला होता, मधली मात्र कोरडी होती, असं त्यांच्या ऑफिसरने सांगितलं.

आमची डायरेक्टर कॅरल फाइल घेऊन आली. "'नळी रिकामी' या रकान्याखाली सही कोणाची?"

माझा एच-वन व्हिसा याच नोकरीवर होता. आधीच्या कॉन्झर्व्हेटरचं नाव सांगून टाकावं, असं मनात येऊन गेलं.

"माझी," मी म्हटलं. "मी मोजलं नव्हतं, नुसतं पाहिलं."

तिने फाइल मिटली आणि म्हणाली, "सोमवारपासून आपल्या सगळ्या तोफा मोज."

काठी घेऊन मी प्रत्येक तोफ मोजली. चौथी भरलेली निघाली. ती गेटजवळची, तिच्यावर मुलांना बसवून लोक फोटो काढायचे. तिच्या फॉर्मवर दुसऱ्याची सही होती, हे पाहून आधी मला हायसं वाटलं. मुलं त्यानंतर आठवली.

आता मी शिकाऊ लोकांना एवढंच सांगते, की फॉर्मवर कोणाचीही सही असो, आत काठी घाला.