उकळलेला सरस

"नीट शिजू दे, कच्चा राहायला नको," असं म्हणून आमच्या हिनं सरसाचं भांडं थेट शेगडीवर ठेवलं. अगं बाई, चिकटवायचा सरस आहे तो, भाजी नव्हे! पण हे मी ओरडलो ते मनातल्या मनात. झटका आला तेव्हा अर्धं अंग लुळं पडलं, मान एका बाजूला कलली ती कललीच, आणि तोंडातले शब्द गेले. उरला तो एकच, "हो". भूक लागली? हो. पोट भरलं? हो. मेहुणी म्हणाली, "ताई, जन्मभर तुझं ऐकलं नाही, आता बघ कसे नंदीबैलासारखे हो म्हणतात!" मला हसूही आलं आणि तिला दोन शब्द सुनावावेसेही वाटले. कुठले दोन? एकाचीच सोय होती.

पलंगासमोरच्या फळीवर माझं धनुष्य अर्धवट पडलं होतं. आखूड, कमरेएवढं. लाकूड तासून झालं होतं, पाठीवर शिरा चढवायच्या राहिल्या होत्या. जनावराच्या पायातली शीर वाळवायची, कुटायची, तिचे धागे काढायचे आणि सरसात भिजवून लाकडाच्या पाठीवर बसवायचे. मग एवढंसं धनुष्यही भरपूर वाकतं, मोडत नाही. धागे काढणं लग्न झाल्यापासून हिचं काम. तोंडाचा पट्टा चालू आणि बोटांतून केसासारखे धागे सुटताहेत. मला ते कधी जमलं नाही. सरस मात्र मी बघायचो. भांडं गरम पाण्यात ठेवायचं, थेंब ओठाला लावायचा. ओठ भाजला तर सरस फुकट गेला. उकळला की त्याची पकडच जाते.

"धनुष्य पुरं झालं ना, की हे उठून बसतील. बघशील तू," असं ही बहिणीला सांगत होती. डॉक्टर असलं काही बोलले नव्हते. हिनं आपलं मनाशी धरलं होतं, आणि हिनं एकदा मनाशी धरलं की संपलं.

भांड्यात बुडबुडे यायला लागले. मी डाव्या हातानं पलंगावर थापा मारल्या. मग बोट ओठाला लावलं. ओठाला लाव गं, ओठाला! हिनं धावत जाऊन पाणी आणलं आणि मला पाजलं.

"अजून जरा उकळू देऊ ना?"

"हो! हो! हो!" मी जीव तोडून ओरडलो.

"किती आनंद झालाय बघ," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

धागे तिनं काय सुरेख बसवले म्हणून सांगू! स्वतःच्या फणीनं विंचरून, एकावर एक, कुठे गाठ नाही की सुरकुती नाही. मग कित्येक महिने धनुष्य सावलीत वाळत राहिलं. रोज सकाळी ती त्यावर नखानं टकटक करायची आणि माझ्याकडे बघून हसायची. मी दुसरीकडे बघायचो. आपलंच काहीतरी चुकत असेल, सरस धरेलही, असं मी स्वतःला समजावत होतो. काय करणार?

दोरी चढवायच्या दिवशी तिनं मला उशांना टेकवून बसवलं. "आता बघा हं." गुडघा लावून तिनं धनुष्य वाकवलं. आधी पाठीवरची शिरांची पट्टी टोकाकडून फर्रकन सुटली, मग मुठीपाशी लाकूड मोडलं.

ती खालीच बसली. सुटलेली पट्टी ती बोटांनी लाकडावर पुन्हा पुन्हा दाबत राहिली.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "माझ्याच हातून चुकलं का?"

नाही गं, वेडे. तुझा हात कधी चुकलाय? सरसाचं तुला कुणी सांगितलंच नव्हतं. मी जीभ दातांना टेकवली, सगळा जोर लावला, डाव्या हातानं तिचा हात घट्ट धरला.

"हो," माझ्या तोंडून आलं.

तिनं माझा हात हळूच सोडवून पांघरुणावर ठेवला.

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि तुकडे गोळा करायला लागली.