दाणेदार की लिक्विड?

भात काढल्यावर विहिरीच्या पाण्यावर थोडा गहू करणारे आम्ही काही जण बोर्ली पंचतनच्या बाजारात एका खतविक्याभोवती जमलो होतो. दर वाक्याआधी तो केसांवरून हात फिरवायचा. "दाणेदार खत मातीत नुसतं पडून राहतं. लिक्विड फवारलंत, की थेट पानात!"

शेजारच्या काकी उसळल्या. "मागल्या साली तूच म्हनालास, लिक्विड वाऱ्यावर उडून जातं, दाणेदारच घ्या!"

तो जराही ओशाळला नाही. "काकी, मागल्या साली मी दुसऱ्या कंपनीत होतो."

लोक चिडून निघाले. मीही हातातली बाटली खाली ठेवली. इतका वेळ थापा ऐकताना कुणी हललं नव्हतं. खरं बोलला, तेव्हा त्याचा धंदा बसला.